बोललेलं ऐकू येणारा डबा

आमच्या घरात ढमी आली आणि घराचा आवाज गेला.

ढमी म्हणजे आमची लेक. हे नाव तिला गालांवरून पडलं. खरं नाव कागदावर आहे, ते कागदालाच शोभतं. जन्मली तेव्हापासून तिची झोप अशी, की चप्पल सरकली तरी जागी, कपाटाची कडी हलली तरी जागी. आणि ती जागी झाली की आम्ही सगळे जागे. तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, शांततेचं खातं स्वतःकडे घेतलं. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. मिक्सर रजईत गुंडाळून बाल्कनीत नेला. दाराच्या बेलवर चिकटपट्टी लावून खाली लिहिलं, ‘बेल वाजवू नये. दारही वाजवू नये.’ मग आलेल्या माणसाने करावं काय, ते लिहिलं नव्हतं. कुरिअरवाला बिचारा बाहेर उभा राहून फोन करायचा, आणि आमचे फोन मुके केलेले असायचे.

आम्ही कुजबुजायला लागलो. आधी ती झोपलेली असताना, मग ती झोपायच्या बेतात असताना, आणि मग अंगवळणीच पडलं. ढमी बाहेर फिरायला गेलेली असली तरी आम्ही एकमेकांच्या कानाशी लागून बोलत होतो. ‘भाजी लागतेय’ हेसुद्धा मी नवऱ्याला कुजबुजत सांगायचे, तो “काय?” असं कुजबुजत विचारायचा, तोवर भाजी लागलेली असायची. टीव्हीचा आवाज तर इतका खाली, की बातम्या देणारी बाई काचेच्या पेटीतल्या माशासारखी नुसती तोंड उघडमीट करायची.

या सगळ्यात पंचाईत झाली ती बाबांची.

बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. त्यांनी मैदानात ‘सावधान’ म्हटलं की शेवटच्या रांगेतलं पोरगं ताठ व्हायचं आणि कुंपणापलीकडून चाललेला सायकलवालाही ब्रेक दाबायचा, असं नवरा सांगतो. या माणसाला आईंनी सांगितलं, “अहो, हळू.” एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. आता बाबांच्या गळ्याला हळू हा प्रकारच ठाऊक नाही. एक तर पूर्ण, नाही तर बंद. त्यांनी बंद केला.

पूर्वी आमची संध्याकाळ ठरलेली होती. चहा झाला की चौघं टीव्हीपुढे. बाबांची खुर्ची दाराजवळची, लाकडी हातांची. सिनेमा कुठलाही असो, बाबांचं धावतं समालोचन चालू. “हा आता मरणार बघ.” “अहो, बघू तरी द्या!” “बघ की. मेला.” ढमी आल्यानंतर बाबा हळूहळू येईनासे झाले. आले तरी थोडा वेळ बसायचे, पडद्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघायचे आणि “झोप येतेय” म्हणून उठायचे. मी आत डोकावून पाहिलं तर पलंगावर पत्ते मांडून एकटेच डाव लावत बसलेले.

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, “येत्या रविवारी मी ताईकडे जातोय.”

ताई म्हणजे माझी नणंद, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहते.

“किती दिवस?” नवऱ्याने विचारलं.

“बघू.”

बाबा ‘बघू’ म्हणणारे गृहस्थ नव्हेत. ते शिट्टी वाजवून सुरू करणारे आणि शिट्टी वाजवून संपवणारे.  मला खरं काय ते गच्चीवर कळलं. आम्ही दोघं ढमीचे लंगोट काढायला गेलो होतो. गच्ची म्हणजे घरातल्या नियमांच्या बाहेरची जागा, तिथे मोकळ्या गळ्याने बोलता यायचं. बाबा लंगोटाची घडी घालतात ती पाहण्यासारखी असते. टोकाला टोक, कडेला कड, सगळे एका ओळीत. घड्या घालता घालता ते म्हणाले, “सूनबाई, माझे कान गेले.”

“काहीतरीच काय बाबा!”

“काहीतरीच नाही. तुम्ही बोलता तेव्हा मला नुसते ओठ दिसतात. तुम्ही हसलात की मीही हसतो. परवा असाच हसलो, तर तुझ्या सासूने असं बघितलं माझ्याकडे! ती म्हणे तिच्या मावशीच्या ऑपरेशनचं सांगत होती.”

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. “डॉक्टरांना दाखवू या ना.”

“आणि कानात बटण घालून फिरू? नको. ताईची पोरं ओरडून बोलतात. ओरडलेलं अजून येतं थोडंफार ऐकू. इथे मी असून नसल्यासारखा. ढमीचे बोबडे बोल सुरू होतील, ते मला कळणार नाहीत. त्यापेक्षा आधीच गेलेलं बरं.” मग घड्यांचा गठ्ठा माझ्या हातात देत म्हणाले, “आणि हे कुणाला सांगायचं नाही. मुलाला नाही आणि सासूला तर नाहीच.”

मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं. पण ढमीला छातीशी धरून सूर्याकडे बोट दाखवत ‘हा बघ, रोज वेळेवर येतो, शिस्त!’ सांगणारा हा माणूस रविवारनंतर घरात नसेल, हे काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरेना.

आता इथे डबा येतो.

नवरा लिफ्टच्या कंपनीत इंजिनीयर आहे. दिवसभर करकर, खडखड, घरघर ऐकून कुठला भाग बिघडलाय ते ओळखायचं हे त्याचं काम. म्हणून की काय, घरी आल्यावर त्याला चांगलं काहीतरी ऐकायचं असतं. लग्नाआधीपासून त्याच्याकडे स्पीकर आहेत, पुढचे दोन, मधला एक, मागचे दोन. सगळे माळ्यावर चादरीत गुंडाळलेले. त्यांना चालवणारा रिसीव्हर कधीच जळून गेला. नवा घ्यायचा हे लग्नानंतरचं पहिलं ठरलेलं काम, आणि अजूनही ते पहिल्याच नंबरावर आहे. बजेट हा शब्द तो असा उच्चारतो जसे डॉक्टर ‘पथ्य’ म्हणतात. रोज जेवण झालं की ढमीला मांडीवर घेऊन फोनवर रिसीव्हरबद्दलची लोकांची मतं वाचत बसायचा, तीही कुजबुजत. “या माणसाचा दोन वर्षांत गेला म्हणतोय. हा म्हणतो गरम होतो.” आणि ढमी डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत राहायची. “हिला आवडतं बघ,” तो खूश होऊन म्हणायचा.

त्या दिवशी आईंनी त्याला विचारलं, “अरे, पण हा डबा करतो तरी काय?”

“टीव्हीतला सगळा आवाज आपल्याकडे घेतो आणि वाटून देतो. दणके कडेच्या स्पीकरला, पाऊसवारा मागच्यांना, माणसांचं बोलणं मधल्याला.”

“म्हणजे वाढपी,” आई म्हणाल्या.

मी लंगोटांचा गठ्ठा घेऊन दारातच थबकले. “म्हणजे नुसतं बोलणंच जास्त वाढायचं असेल तर? दणके तसेच ठेवून?”

“येतं करता. मधल्याचा आवाज वेगळा वाढवता येतो.”

“मग घेऊन टाक ना!”

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही लिफ्ट स्वतःहून जिना चढायला लागली. इतके दिवस मीच म्हणत होते, की आधी कपडे धुवायचं यंत्र दुरुस्त कर. “तू म्हणतेस हे?”

“मी म्हणतेय. आणि रविवारच्या आत.”

“रविवारच्या आत का?”

“उगाच.” तोंडात मिठाची गुळणी धरून नवऱ्याला पटवणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी आम्ही दुकानात गेलो. बाबांना मीच ओढून नेलं. “पिशवी धरायला कुणीतरी हवं ना.” ढमी माझ्या पोटाशी झोळीत होती. दुकान एका बाईंचं. गल्ल्यामागे बसून त्या लोकरीचं काहीतरी पिवळं विणत होत्या आणि सुया न थांबवता गिऱ्हाइकाशी बोलत होत्या.

“बजेट सांगा, मग स्वप्न सांगा,” त्या म्हणाल्या. “उलटं केलंत की भांडणं होतात.”

नवऱ्याने बजेट सांगितलं. बाईंच्या सुया क्षणभर थांबल्या आणि पुन्हा चालू झाल्या. “दोन आहेत. हा काळा तुमच्या बजेटच्या जरा वर, हा करडा बजेटात.”

काळा म्हणजे राजबिंडा. समोर निळा उजेड, ही मोठी गोल कळ, सात स्पीकर चालवण्याची ताकद. करडा त्याच्या शेजारी सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा दिसत होता. पाच स्पीकर, बारकी बटणं, आणि बरोबर वायर असलेला एक बोंडाएवढा माइक.

“हा माइक कशाला?” मी विचारलं.

“खोली मोजायला. माणूस बसतो तिथे ठेवायचा. मग यंत्र स्वतःच ठरवतं कुठून किती आवाज सोडायचा. काळ्यात हे नाही. काळा घेणाऱ्याला मोजायचं नसतं, हलवायचं असतं.” असं म्हणून त्यांनी काळ्यावर एक लढाई लावली.

दुकानाच्या काचा थरथरल्या. नवऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. मी घाबरून ढमीच्या कानांवर हात ठेवले आणि वाकून पाहिलं, तर ती तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. चालून चालून दमली असेल, मी मनात म्हटलं. चालले मी होते, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

“बाई, जरा दोन माणसं बोलताना लावा ना.”

“बोलताना?” आता मात्र सुया पुरत्या थांबल्या. “अहो, इथे बोलणं ऐकायला अजून कुणी आलेलं नाही. लोक खिडक्या हलतात का तेवढं बघतात.” पण शोधून शोधून त्यांनी कुठल्याशा मालिकेतलं मायलेकींचं भांडण लावलं. मागे वाद्यांचा कल्ला. काळ्यावर वाद्यंच जास्त ऐकू येत होती, मायलेकी त्यांच्या खाली चेंगरल्या होत्या. मग तेच भांडण करड्यावर. मी बाबांना मुद्दाम खुर्चीत बसवलं होतं आणि मधला स्पीकर त्यांच्याकडे जरासा वळवून घेतला होता.

बाबा पुढे झुकले. “किल्ली लेकीकडेच आहे,” ते म्हणाले. “खोटं बोलतेय कार्टी.”

किती दिवसांनी ते समालोचन कानावर पडलं! मी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. त्याला काही कळलं नाही, पण ओरडलाही नाही. सवय. आम्ही सगळे मूकपणे दुखवून घ्यायला शिकलो होतो.

“पण काळा सात स्पीकरचा आहे,” तो म्हणाला. “उद्या घर मोठं घेतलं तर?”

“घर मोठं होईपर्यंत ढमी मोठी होईल आणि आपल्या कुणाचं काही ऐकायचंच सोडून देईल.”

“थोडंच वर आहे बजेटच्या.”

“स्वप्न नेहमी थोडंच वर असतं,” बाई गल्ल्यामागे कुणाशी तरी फोनवर बोलायला लागल्या होत्या, तिथून त्यांचं वाक्य आलं. पुढचं त्या पाठ वळवून फोनवाल्याला म्हणाल्या, “ठेव आता, गिऱ्हाईक चिकट आहे, पण म्हातारा शहाणा दिसतोय.”

“शहाणा नाही, निवृत्त आहे,” बाबा बसल्या जागेवरून म्हणाले.

बाईंनी जीभ चावली. मला वाटलं, बाबांनी ओठ वाचले असतील. पाठमोऱ्या बाईचे ओठ. आई झाल्यापासून माझी अक्कल झोपेच्या हिशेबात चालते, दुसरं काय.

शेवटी नवरा दोन डब्यांच्या मधे उभा राहिला आणि वडिलांकडे वळला. “बाबा, तुम्हीच सांगा. कुठला?”

“मला काय विचारतोस? मी उद्या चाललो.”

ते सहज म्हणाले होते. पण नवऱ्याचा हात काळ्याच्या त्या मोठ्या गोल कळेवर होता, तो त्याने काढून घेतला. एकदा बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे वळलेल्या मधल्या स्पीकरकडे, आणि मग माझ्याकडे. “करडा द्या,” तो बाईंना म्हणाला.

घरी येताना बाबा डबा घेऊन पुढे चालत होते, आम्ही मागे. नवरा म्हणाला, “बाबांना ऐकू येत नाही. हो ना?”

“मी काही बोललेले नाही.”

“तेच तर. इतका वेळ तू काही बोलली नाहीस असं कधी झालंय का?”

दुपारी ढमी आतल्या खोलीत झोपली आणि कामाला सुरुवात झाली. माळ्यावरून स्पीकर उतरले. चादरी निघाल्या, वायरी पसरल्या. मागच्या दोन स्पीकरांपैकी एकाला फळी मिळाली. दुसरा कानाच्या उंचीवर यायला हवा होता, आणि घरात होतं नव्हतं तेवढं एकच स्टूल बुटकं निघालं. दाराशी बाबांची बॅग भरून तयार होती, जुनी, टणक, चौकोनी. नवऱ्याने ती उचलून स्टुलावर ठेवली आणि वर स्पीकर. उंची अशी नेमकी, जशी काही मापाने शिवून घेतलेली.

“अरे, सकाळी लागेल ती मला,” बाबा म्हणाले.

“सकाळी देतो,” तो वर न बघता म्हणाला.

माइक ठेवायचा तर माणूस बसतो तिथे. नवरा सवयीने सोफ्याच्या मध्यावर, स्वतःच्या जागी ठेवायला गेला. मी तो उचलून बाबांच्या खुर्चीत नेला. खाली जाडजूड पुस्तकं, त्यावर ढमीचा पावडरचा डबा, त्यावर माइक. बाबांच्या कानाची उंची मी अंदाजाने धरली. आपली जागा एका बोंडाने बळकावल्यामुळे बाबा भिंतीशी उभे राहिले.

माहितीपुस्तकात लिहिलं होतं, ‘मोजणी चालू असताना खोलीत संपूर्ण शांतता ठेवावी.’

“हे आम्हाला सांगायचं?” आई कुजबुजल्या. त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या दिवसांच्या तपश्चर्येची कुणीतरी दखल घेतल्याचं समाधान होतं.

नवऱ्याने बटण दाबलं.

पुस्तकात ‘चाचणीचे ध्वनी’ इतकंच लिहिलं होतं. ते किती मोठे असतील याबद्दल अळीमिळी गुपचिळी. डावा स्पीकर एकदम “फ्श्श्श्श्!” करून खेकसला, आणि मग त्यातून अशी एक शिट्टी निघाली, की खिडकीतलं कबूतर उडालं. आम्ही जागच्या जागी दगड. बंद करायचं बटण कुठलं ते नवऱ्याला सापडेना. आई बोट ओठांवर धरून स्पीकरवर धावल्या. “शूऽऽऽ! शूऽऽऽऽ!”

यंत्र थांबलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘खोलीत गोंगाट आहे. शांतता करून पुन्हा प्रयत्न करा.’

“गोंगाट?” आई दुखावल्या. “आमच्या घरात?”

नवऱ्याने पंखा बंद केला. पुन्हा बटण. पुन्हा फ्श्श्श, पुन्हा शिट्टी, पुन्हा आई. आता त्यांच्या हातात उशी होती आणि त्या स्पीकरचं तोंड दाबून त्याला शू शू करत होत्या. पुन्हा ‘गोंगाट आहे.’ मग नवऱ्याने फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून अंथरुणात पुरलं. मला म्हणाला, “श्वास हळू घे.” तिसऱ्यांदाही तेच. मी तेव्हा कुठे आईंकडे नीट पाहिलं.

“आई,” मी कुजबुजले, “ते तुम्हालाच गोंगाट म्हणतंय.”

“मला? अगं, मी तर सगळ्यांना गप्प करतेय!”

“पण तुमचं शूऽऽ त्या माइकला—”

“पण ढमी उठेल त्याचं काय? शूऽऽ नाही करायचं तर—”

“अगं आई, एक मिनिट—”

“तू मधे बोलू नकोस, तुझ्याच डब्याने—”

आणि अख्खं भांडण कुजबुजत. तिघं हातवारे करतोय, ओठ हलतायत. भिंतीशी उभे असलेले बाबा हे बघत होते. या ओठांकडून त्या ओठांकडे, त्या ओठांकडून या ओठांकडे. त्यांच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. पण तोवर उशीर झाला होता.

“साऽऽऽवधान!”

कपाटातल्या बश्या किणकिणल्या. आईंची उशी हवेतच थांबली. नवऱ्याच्या टाचा आपोआप जुळल्या. मी तर त्यांच्या शाळेत कधी शिकलेच नाही, तरी माझे हात मांड्यांना चिकटले. “कुणीही हलायचं नाही,” बाबा म्हणाले. “दाब रे ते बटण.”

डावा खेकसला. उजवा शिट्टीला लागला. मधला, फळीवरचा, बॅगवरचा, सगळे आपापल्या पाळीने बोंबलले. आणि आम्ही चौघं ध्वजापुढे उभं राहावं तसे ताठ. पडद्यावर आलं, ‘मोजणी पूर्ण झाली.’

मग सगळ्यांना एकदम आठवलं. ढमी!

आम्ही चवड्यांवर आतल्या खोलीच्या दाराशी गेलो. ती झोपली होती. एक मूठ डोक्याशी, एक पाय पांघरुणाबाहेर, जागची हललीसुद्धा नव्हती. माझा विश्वास बसेना. आईंचाही बसेना. त्या मायेने माझ्या कानाशी आल्या आणि अगदी हळू, वाऱ्यापेक्षा हळू कुजबुजल्या, “झोपली आहे गं.”

ढमीचे डोळे टक्क उघडले.

तिने आमच्याकडे असं पाहिलं, जसं पोलिसाने भिंतीआडच्या चोरांकडे बघावं. ओठ पुढे आले. आता सूर लागणार, तेवढ्यात मागून बाबा नेहमीच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “काय गं आजीबाई, उठवलंस ना नातीला? मी ओरडलो तेव्हा उठली नाही. तो डबा बोंबलला तेव्हा उठली नाही. तू कानात बोललीस आणि उठली. कुजबुजलं की माणूस कान टवकारणारच. मला सांग, शेजारी कुणी कुजबुजत बसलं तर तुला येईल झोप? काय एवढं लपवतायत म्हणून आपण जागेच राहतो की नाही?”

बाबा बोलत राहिले. आवाज खोलीभर खर्जात पसरला. ढमीने त्यांच्याकडे मान वळवली, एक लांब जांभई दिली आणि समोरच्याचं भाषण लांबलं की मोठी माणसं करतात, तेच केलं.

मी स्वयंपाकघरात गेले. चहा तरी करू म्हटलं. दुकानात लढाई चालू असताना झोपलेली ढमी, कुजबुजीत वाचलेल्या मतांना जागलेली ढमी, सगळं एकेक करून डोक्यात जागेवर बसत होतं. बाहेर नवरा आणि आई चांगल्या मोठ्या आवाजात वाद घालत होते, हे मोजे खुर्च्यांना कुणी घातले आणि टीव्ही कुणी मुका केला.

“साखर कुठे ठेवली?” मी तिकडे तोंड न करता नेहमीच्या आवाजात विचारलं.

“निळ्या डब्यात,” बाहेरून उत्तर आलं.

बाबांचं उत्तर.

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. मी बाहेर आले. “बाबा, मी आत्ता काय विचारलं?”

“साखर कुठे म्हणून. निळ्या—” आणि तेही थांबले.

“तुम्हाला ऐकू आलं.”

“तू बोललीस म्हणून ऐकू आलं,” बाबा सावकाश म्हणाले. एकेका शब्दाला चाचपून बघावं तसं. “मधे एक भिंत होती. आणि या दोघांचं भांडण.”

“गच्चीवरही आलं होतं. दुकानातही. बाईंनी पाठ वळवली होती, बाबा.”

“कुणाला काय ऐकू आलं?” आई म्हणाल्या. “यांना ऐकू येत नव्हतं? मला कुणी का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं गं. पण तुम्ही लोक बोलत कुठे होतात!” बाबा म्हणाले.

आई मटकन सोफ्यावर बसल्या. उशी अजून त्यांच्याच हातात होती. “अहो, मला वाटलं तुम्ही रागावलात. हळू बोला म्हटलं ना मी सारखं. मी विचारायची, चहा ठेवू का, तर तुम्ही उत्तरच द्यायचा नाहीत. पत्ते घेऊन आत जायचात. मला वाटलं, या वयात आता अबोला धरलाय.”

“कसं विचारायचीस?”

“कसं म्हणजे? हळू.”

बाबांनी खुर्चीवरचा माइक बाजूला केला, पावडरचा डबा, पुस्तकं उतरवली आणि आपल्या जागी बसले. मग चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, “ठेव की चहा. कधीपासून वाट बघतोय.”

नवरा हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “म्हणजे डबा घेतला नसता तरी चाललं असतं.”

“मोठ्याने बोल,” मी म्हटलं.

संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. एक जुना सिनेमा होता, खून कुणी केला ते शेवटी कळणारा. नवऱ्याने मोठ्या मायेने मधल्या स्पीकरचा आवाज चढवला. हवालदाराचा शब्द न् शब्द आमच्या अंगावर येऊन आदळायला लागला. “बाबा, येतंय ना नीट ऐकू?”

“अरे कमी कर, कमी कर,” बाबा म्हणाले. “घरात बहिरं कोण आहे? आणि खून माळ्याने केलाय.”

“अहो!” आई ओरडल्या. खरोखर ओरडल्या. ढमी आत झोपून राहिली.

सिनेमाच्या मधेच बाबांनी ताईला फोन लावला. काय काय बोलले ते साऱ्या इमारतीला कळलं असेल. शेवटी पलीकडून ताईचा आवाज आला, “बाबा, अहो, मला फोनशिवायसुद्धा ऐकू येतंय!” ते हसले आणि फोन ठेवला.

नवरा उठला आणि मागच्या कोपऱ्यात गेला. बॅगवरच्या स्पीकरला हात घालून म्हणाला, “बाबा, हिच्यातलं सामान काढून घेऊ का? हा स्पीकर दुसरीकडे कुठेतरी...”

“हात लावू नकोस त्याला,” बाबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “एवढी मोजणी झालीय. बॅग हलली की सगळं पुन्हा करावं लागेल.”